क्षमा कीं किफायत?

व्हिडिओ गेममधील शत्रूवर दया करावी कीं नाहीं, हा प्रश्न निघतांच दोन पक्ष उभे राहतात. पहिला म्हणतो, खेळ तो खेळ. बुद्धिबळांत प्यादें मारतांना कोणी अश्रू ढाळतो काय? दुसरा मोठ्या अभिमानानें सांगतो कीं, हल्लींच्या खेळांत मारावें कीं सोडावें हें ठरविण्याची मोकळीक खेळाडूला असते, म्हणून ते नीतीचें शिक्षण देतात. आमच्या मतें पहिल्याचें म्हणणें उथळ आहे आणि दुसऱ्याचें घातक.

पहिल्याला उत्तर सोपें आहे. प्याद्याला तोंड नसतें. या खेळांतील शत्रूला चेहरा देतात, आवाज देतात, मरतांना विव्हळावयास लावतात. कारण त्यावांचून मारण्याला रंग चढत नाहीं. रंगासाठीं ज्याला माणूस केलें, त्याला दयेची गोष्ट निघतांच पुन्हा लाकडी प्यादें म्हणणें, हा न्याय कोठला?

दुसऱ्या पक्षाचा समाचार मात्र सविस्तर घेतला पाहिजे. इ. स. २००७ मधील 'बायोशॉक' हा त्याचा आवडता दाखला. समुद्रतळाशीं वसलेल्या एका उद्ध्वस्त नगरींत लहान मुली भेटतात. त्यांच्या देहांत 'ॲडम' नांवाचें सामर्थ्य देणारें द्रव्य असतें. मुलीचा बळी घेतल्यास १६० मात्रा मिळतात, तिला मुक्त केल्यास ८०. येथवर दयेला किंमत पडली. परंतु दर तीन मुलींच्या सुटकेमागें २०० मात्रांची भेट पोंचती होते. म्हणजे तिघींना मारणाऱ्यास ४८०, तारणाऱ्यास ४४०, आणि वर इतर शक्ति! हा सदाचार कीं मुदतीची ठेव? निरपराध बालकांवरील दयेचा जेथें असा जमाखर्च, तेथें शत्रूवरील क्षमेची काय कथा?

एवढ्यानें सारेच खेळ त्याज्य ठरत नाहींत. टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल' हा खेळ इ. स. २०१५ मध्यें निघाला. भूमीखालीं राक्षसांच्या राज्यांत पडलेलें एक मूल त्यांत वाट काढतें. कोणाही शत्रूचा जीव न घेतां हा खेळ पुरा करतां येतो. पण त्यासाठीं त्या त्या शत्रूचा स्वभाव ओळखावा लागतो. कोणाच्या विनोदाला हंसावें लागतें, कोणा कुत्र्याला कुरवाळावें लागतें, आणि तोंवर त्यांचे वार चुकवावे नाहींतर सोसावे लागतात. मारणाऱ्याचें बळ वाढत जातें. न मारणारा पहिल्याच पायरीवर, २० प्राणांकांनिशीं राहतो. इतर खेळांत ज्या आकड्याला अनुभव म्हणतात, त्याचा अर्थ येथें अखेरीस 'वधाचे गुण' असा उघड होतो.

यावर कोणी म्हणेल कीं, येथेंही दयाळूलाच सर्वांत गोड शेवट लाभतो. खरें आहे, तेवढ्यापुरता हाही खेळ व्यापारांतून सुटलेला नाहीं. परंतु त्यांतील एक प्रसंग या आक्षेपाला पुरून उरतो. फ्लावी नांवाचा फूलरूपी कपटी शत्रु पराभूत होऊन पुढ्यांत पडतो. सोडलेंस तर परत येऊन तुझ्या साऱ्या प्रियजनांना मारीन, असें तो बजावतो. तो पश्चात्ताप पावत नाहीं, कांहीं देऊंही करीत नाहीं. तरीही त्याला पुनःपुन्हा सोडीत गेलें, तर ही दया आपल्याला कळतच नाहीं, असें म्हणत तो पळून जातो.

क्षमेची कसोटी हीच. पांच पुत्रांचा वध करणाऱ्या अश्वत्थाम्याला द्रौपदीनें सोडविलें असें भागवत सांगतें. त्याच्या आईनें आपल्यासारखें रडूं नये, एवढेंच तिचें मागणें होतें; तिच्या पदरांत त्यानें कांहीं पडणार नव्हतें. खेळ रचणाऱ्यांनीं निवड अवश्य द्यावी. पण दयेच्या मागोमाग बक्षिसाची थैली पाठवूं नये.

या खेळांनीं मुलें निर्दय होतील, ही भीति सर्वांना आहे. तीं फायद्यापुरतीं दयाळू होतील, ही भीति कोणालाच नाहीं. निर्दय मनुष्य एखादे दिवशीं पाझरेल. दयेचा भाव ठरवून बसलेला मनुष्य, भाव उतरतांच सुरी काढील.