गौरवगीत आणि जबाबदारी

संकटसमयी गायकांनी एकत्र येऊन गीत ध्वनिमुद्रित करावे, ही प्रथा आता जुनी झाली आहे. १९८४ मध्ये बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी पॉप गायकांना एकत्र आणून निधी उभारला. २०१५ च्या महापुरानंतर अभिनेते विक्रम यांच्या पुढाकाराने अनेक कलावंतांनी ‘स्पिरिट ऑफ चेन्नई’ हे गीत सिद्ध केले. त्यात स्वयंसेवकांचा गौरव होता आणि तो रास्तच होता.

परंतु गौरव हा चौकशीला पर्याय ठरू नये. श्रीपेरुंबुदूर परिसरातील तलावांचे वाढीव पाणी चेंबरमबक्कम तलावात उतरते आणि तेथून अड्यार नदीत जाते. १ डिसेंबरच्या रात्री त्या तलावातून २९ हजार क्युसेकचा विसर्ग होत होता. पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ही आपत्ती मानवनिर्मित ठरवली.

प्रशासनात हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : जनतेच्या सोशिकतेची स्तुती शासनाला नेहमीच सोयीची वाटते. कलावंतांनी आपले कर्तव्य बजावले. तलावाचे दरवाजे केव्हा उघडले आणि नदीकाठच्या वस्त्यांना किती आधी कळवले, याचा जाब मात्र सरकारी नोंदवहीनेच द्यायचा असतो.