धाप लागली तर लागू द्या

‘बाई, पोरांना फार पळवू नका, काळीज नाजूक असतं त्यांचं.’ पालकसभेत हे मला दरवर्षी ऐकावं लागतं. काळजीपोटीच कुणी बोलतं, म्हणून रागावता येत नाही. पण हे खरं नाही.

या भीतीचं मूळ जुनं आहे. बेनेके या जर्मन डॉक्टरने १८७९ साली हृदयाची आणि महाधमनीची मापं प्रसिद्ध केली. त्यांवरून पुढच्यांनी ठरवलं की वाढीच्या वयात हृदय झपाट्याने मोठं होतं आणि धमनी मागे पडते. सबब मुलांना दमवू नये. पाठ्यपुस्तकांनी ते उचललं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड कॉलेजच्या पीटर कार्पोविच यांनी चूक दाखवली. हृदयाचं घेतलं होतं घनफळ आणि धमनीचा परीघ! चेंडूचा व्यास दुप्पट केला तर परीघ दुप्पट होतो, घनफळ आठपट. धमनी मागे पडलीच नव्हती.

आम्हा पीटीच्या शिक्षकांतले काही उत्साही लोक उलट टोकाला जातात: ‘पळा, फुफ्फुसं मोठी होतील.’ तेही मला मान्य नाही. निरोगी मुलाच्या फुफ्फुसांचं आकारमान मुख्यतः उंचीबरोबर वाढतं, सरावाने त्यात फारसा फरक पडत नाही. वाढतं ते एका ठोक्यात हृदय बाहेर टाकतं ते रक्त. काही महिने नेमाने धावलं, तर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल ताकद साधारण ५ ते १० टक्क्यांनी चढते. एवढंच, पण हे खरंखुरं कमावलेलं असतं.

खो-खोत पाठलाग करून आलेल्या मुलीचं मनगट धरून पाहा. पंधरा सेकंदांत ४५ ठोके, कानशिलं लाल, बोलताना शब्द तुटतात. चारेक मिनिटांनी पुन्हा मोजा, नाडी पुष्कळ उतरलेली असते. मुलांची ती मोठ्यांपेक्षा लवकर उतरते. तोवर ती मुलगी ‘बाई, अजून एक डाव’ म्हणत समोर उभी असते.

पळताना भोवळ आली किंवा छातीत दुखलं, तर त्या मुलाला थांबवून डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. पण त्याच्यासाठी अख्खा वर्ग बाकावर बसवायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. आमच्याकडे पीटीचे आठवड्याला मोजके तास, आणि चाचणी जवळ आली की तेही गणिताला जातात. यंदा मी ते देणार नाही.