पगार गेला, बिल आलं. नागपूरच्या फेऱ्यांचा खर्च कोणाच्या खिशातून?

पांढुर्णा/सौंसर : 5 ऑक्टोबर 2023 रोजी छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा मध्य प्रदेशात असला, तरी रोजीरोटीची वाट अजून नागपूरकडेच जाते. सौंसर, लोधीखेड्याची मंडळी सावनेरमार्गे, तर पांढुर्ण्याची नरखेड-काटोलच्या गाडीने. कोणी हिंगण्याला, कोणी बुटीबोरीला, कोणी मिहानला. अशा माणसाला कंपनीने एक दिवस सांगितलं, की ‘पुढच्या महिन्यापासून पगार नाही, बिल द्या’, तर पहिला प्रश्न हाच येतो : जाण्या-येण्याचा खर्च करातून वजा होतो का?

उत्तर अर्धं ‘हो’ आणि अर्धं ‘नाही’ असं आहे.

नोकरदाराला प्रवासासाठी वेगळं काही दाखवावं लागत नाही. पूर्वी महिन्याला 1,600 रुपयांचा वाहतूक भत्ता करमुक्त होता. 2018 च्या अर्थसंकल्पात तो बहुतेकांसाठी बंद झाला आणि प्रमाणित वजावट आली. नव्या करप्रणालीत ती आता 75,000 रुपये आहे. बिलावर काम करणाऱ्याला ही वजावट नाही. त्याचं उत्पन्न ‘व्यवसाय’ या सदरात जातं आणि तिथे नियम एकच : खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच झालेला हवा.

घर ते ऑफिस की काम ते काम?

घरून रोज एकाच ठरलेल्या ऑफिसात जाणं हा साधारणपणे खासगी खर्च धरला जातो. राहायचं कुठे, ही तुमची निवड, असा त्यामागचा विचार. पण घरीच टेबल, संगणक, हिशेबाच्या फायली असतील, काम खरोखर तिथून चालत असेल आणि ग्राहकाकडे भेटीला, दुरुस्तीला जावं लागत असेल, तर तो प्रवास धंद्याचा. एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाणंही धंद्याचंच. गाडी घरकामालाही वापरली, तर तेवढा भाग सोडावा लागतो. म्हणून डायरी हवी : तारीख, कुठून कुठे, कोणाकडे, किती किलोमीटर. पेट्रोलची बिलं, रेल्वेची तिकिटं, फास्टॅगचा उतारा जपून ठेवावा.

पण बहुतेकांना त्याचा उपयोगच नाही

खरी मेख इथे आहे. इंजिनिअर, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार अशा व्यावसायिकांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची सोय आहे. जुन्या कायद्यात ते कलम 44एडीए होतं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, सोय कायम आहे. उरलेल्या निम्म्यात पेट्रोल, तिकीट, मोबाईल सगळं आलंच, असं मानलं जातं. प्रवास वेगळा दाखवता येत नाही.

महिना 50,000 चं बिल धरा. वर्षाचे 6 लाख, उत्पन्न 3 लाख. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य. मग वजावटीने वाचणार काय? काहीच नाही. उलट व्यावसायिक शुल्क म्हणून 10 टक्के टीडीएस कापला, तर 60,000 रुपये सरकारकडे पडून राहतात. विवरणपत्र भरलं तरच ते परत मिळतात. ‘कर लागत नाही, मग रिटर्न कशाला’ म्हणणारा नेमका इथेच फसतो.

आयकराला राज्याची सीमा दिसत नाही, जीएसटीला दिसते. सौंसरच्या माणसाने नागपूरच्या कंपनीला दिलेली सेवा आंतरराज्य ठरते. तरी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर फक्त तेवढ्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केली असली, तरी नागपूरच्या लॉजच्या बिलावर भरलेला महाराष्ट्राचा जीएसटी मध्य प्रदेशच्या खात्यात वळता होत नाही. पेट्रोल तर जीएसटीच्या बाहेरच आहे.

दर ठरवतानाच बोला

सौंसर-नागपूर जाऊन-येऊन 140 किलोमीटर धरले, तर महिन्याच्या 25 फेऱ्यांचे 3,500 होतात. लिटरला 45 देणाऱ्या दुचाकीलाही जवळपास 78 लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे आठ हजारांच्या घरात खर्च. पगाराएवढंच बिल मान्य केलं, तर पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि भरपगारी सुट्ट्या जातात, ते वेगळंच. हा पैसा आयकर खातं भरून देणार नाही. तो दरातच मागावा लागतो.

त्याहून मोठा मुद्दा जिवाचा आहे. कामावर जाताना झालेल्या अपघाताला ईएसआय कायद्यात 2010 मध्ये संरक्षण आलं. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचारी भरपाई कायद्यातही, कामाशी संबंध सिद्ध होत असेल तर, असा अपघात धरला. हे संरक्षण कर्मचाऱ्याला आहे. स्वतःच्या नावाने बिल देणाऱ्याला अपघात विमा स्वतःच घ्यावा लागतो.

आणि वेळ कंपनीची, टेबल कंपनीचं, साहेबही कंपनीचाच, फक्त कागद ठेक्याचा असेल, तर सही करण्याआधी कामगार कायद्याच्या जाणकाराला तो कागद दाखवलेला बरा. नावाने ठेकेदार झालं म्हणून कायद्याने ठेकेदार होतोच असं नाही.