किलिमांजारोला जाताय? मग एक दिवस जास्त घ्या

"डॉक्टर, मी दर रविवारी सिंहगड चढतो. किलिमांजारो जमेल ना?"

पायांना जमेल हो, पण प्रश्न पायांचा नाहीच. टांझानियातल्या या डोंगराचं उहुरू शिखर ५८९५ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. शरीर याला सरावतं, पण त्याला दिवस लागतात आणि व्यायामाने ते दिवस कमी होत नाहीत. उलट धडधाकट माणूस भराभर चढतो आणि आजारी पडतो.

म्हणून पॅकेजची किंमत बघण्याआधी मुक्कामांची उंची बघा. ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचावर नसावा. आता मारांगू मार्गाचं पाच दिवसांचं पॅकेज घ्या. मंदारा २७२०, होरोंबो ३७२०, किबो ४७२०. रोज हजार मीटर! शिवाय किबोला पोचलात की त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचं. माझ्या मते हे पॅकेज विकूच नये. ते स्वस्त पडतं, कारण उद्यानाची फी दिवसांवर असते. निदान होरोंबोला एक दिवस जास्त थांबा. जमलं तर लेमोशोचा आठ दिवसांचा मार्ग घ्या. त्यात ४६०० मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून झोपायला पुन्हा खाली बरांकोला येता.

"मग डायमॉक्स घेतो की!" घ्या, पण आधी डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते सांगाच. मोठ्यांना बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, घाबरू नका. गोळी सरावाला मदत करते, दिवसांची जागा घेत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते अंगाजवळ ठेवावं, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. एकदा गोठलं की ते निकामी होतं.

वर गेल्यावर डोकं दुखून मळमळलं, तर बरं वाटेपर्यंत आणखी चढू नका. जोडीदार बरळू लागला, बसल्या जागी धापा टाकू लागला किंवा सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालू शकला नाही, तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी वाटाड्याला उठवा आणि त्याला खाली न्या. एकट्याला पाठवू नका.