गोळी दिली, की प्रश्न मिटला?

स्वतःला इजा करून घेतलेली बाई पट्टी बांधून घरी जाते. केसपेपरवर नैराश्याची गोळी, झोपेची गोळी. 'का केलंस?' हे विचारायला ओपीडीत वेळ नसतो. आणि नवरा-सासू शेजारी उभे असताना ती सांगणार तरी काय?

प्रौढांमधली अशी इजा औषधाने थांबते का, हे कॉक्रेन संस्थेने २०२१ साली तपासले. चाचण्या सापडल्या अवघ्या ७, माणसे ५७४. भरवशाचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२२ साली स्पष्टच बजावले : केवळ एवढ्यासाठी औषध देऊ नका, बोलून करायचे मानसोपचार द्या.

आमचा औषधांना विरोध नाही. नैराश्य असेल तर ती घ्यावीत, परस्पर बंद करू नयेत. पण नवऱ्याच्या मारहाणीवर बायकोला गोळी, हा कुठला उपचार?

आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. तेव्हा मैत्रिणींनो, बाईसोबत दवाखान्यात जाल तेव्हा एकांतात बोलणे, समुपदेशक आणि पुढच्या भेटीची तारीख मागा. मिळाल्याशिवाय उठू नका.