विश्लेषण : ‘रोलप्ले’ सर्व्हर इतक्या लवकर ओस का पडतात?

टाळेबंदीच्या काळात ‘जीटीए ५’ या गेममधील ‘रोलप्ले’ यूट्यूबवरून भारतातील तरुणांपर्यंत पोहोचला. त्यात कुणी पोलीस झाले, कुणी टॅक्सीचालक, तर कुणी टोळीचा म्होरक्या. त्यानंतर अनेक सर्व्हर गाजावाजा करत सुरू झाले आणि गुपचूप बंदही पडले. गेम आजही खेळला जातो, मग त्यातली ही वस्ती का टिकत नाही?

हा प्रकार नेमका काय?

‘रॉकस्टार गेम्स’ने २०१३ मध्ये ‘जीटीए ५’ आणला. ‘फाइव्हएम’ या सॉफ्टवेअरमुळे कोणालाही या गेमचा स्वतःचा सर्व्हर चालवता येतो. रोलप्लेमध्ये जिंकणे-हरणे दुय्यम असते. आपले पात्र ठरवायचे आणि त्याच्याच तोंडून बोलायचे. पात्राला ठाऊक नसलेली माहिती वापरली, तर ते ‘मेटागेमिंग’ ठरते आणि शिक्षा होते.

गर्दी का ओसरते?

बहुरूपी एकटा दारोदार फिरू शकतो. इथे मात्र एका सोंगाला समोर दुसरे सोंग लागते. रात्री पोलीसच हजर नसतील, तर बँक लुटण्यात गंमत ती काय? म्हणून दहा जण गेले की उरलेल्यांचा खेळही फिका पडतो आणि गळती वाढत जाते.

दुसरे कारण खेळातल्या पैशाचे. काही महिन्यांत जुन्या खेळाडूंकडे बंगले, गाड्या आणि खर्च न होणारी रक्कम जमते. त्यांना कमवायला काही उरत नाही आणि नवख्याला त्यांच्या जवळपासही पोहोचता येत नाही. उपाय एकच, सगळ्यांची खाती शून्यावर आणणे. पण मग जुनेच रुसून निघून जातात.

सर्वाधिक ताण कोणावर?

ॲडमिनवर. नियम कुणी मोडला, कुणाला किती दिवस बाहेर ठेवायचे, हे व्हिडिओ पाहून ठरवायचे आणि वर पक्षपाताचा आरोप ऐकायचा. हे काम बहुतेक ठिकाणी बिनपगारी असते, नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रात्री केलेले. सर्व्हरचा कोड सहसा एक-दोघांनाच कळतो. त्यांची परीक्षा आली, लग्न झाले किंवा भांडण झाले की गाडे अडते. भांडणातून निम्मी मंडळी बाहेर पडून नवा सर्व्हर काढतात, तेव्हा आधीच तोकडी असलेली गर्दी दोन ठिकाणी विभागते. कंटाळ्यापेक्षा या फाटाफुटीनेच अधिक सर्व्हर संपत असावेत.

पैशाचे गणित काय?

सर्व्हरचे भाडे दरमहा भरावे लागते, ठरावीक संख्येपलीकडे खेळाडू घ्यायचे तर वेगळे शुल्क. कमाईवर मात्र बंधने आहेत. रॉकस्टारने नोव्हेंबर २०२२ मध्ये रोलप्ले सर्व्हरना धोरणात जागा दिली, पण आभासी चलनाची विक्री, ‘लूट बॉक्स’ आणि क्रिप्टोचा वापर यांना मनाई केली. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘फाइव्हएम’मागील चमूच रॉकस्टारने आपल्यात सामावून घेतला. म्हणजे जमीनही तिची आणि नियमही तिचेच.

खेळाडूची बाजू सर्वांत कमकुवत. ‘डोनेशन’च्या नावाखाली खऱ्या पैशांत घेतलेली गाडी किंवा रांग चुकवण्याची सवलत त्या एका सर्व्हरपुरतीच चालते. पात्राची सगळी नोंद मालकाच्या डेटाबेसमध्ये असते. त्याने भाडे भरणे थांबवले की मागे उरतो तो डिस्कॉर्डवरचा गप्पांचा गट. परताव्यासाठी दाद मागायची कोणाकडे, हे पैसे भरताना क्वचितच कुणी विचारतो. त्यात अल्पवयीन मुले असतील, तर पालकांना याचा पत्ताही नसतो.

मग काही टिकतात कसे?

‘नोपिक्सेल’ हा परदेशी सर्व्हर वर्षानुवर्षे चालला. तेथे अर्ज करून प्रवेश मिळतो. लोकप्रिय स्ट्रीमर खेळत असल्याने त्याला प्रेक्षकही लाभतात. शिवाय २०२१ मध्ये ३.० आणि डिसेंबर २०२३ मध्ये ४.० अशा नव्या आवृत्त्या आणून डाव नव्याने मांडला गेला. थोडक्यात, शेवट येण्याआधी शेवट जाहीर करायचा. हे छोट्या सर्व्हरला परवडत नाही, कारण नवी आवृत्ती बांधायला माणसे आणि महिने लागतात. आता ‘जीटीए ६’साठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालेली आहे. जुन्या गेमवर उभ्या असलेल्या प्रत्येक सर्व्हरला तेव्हा आपले खेळाडू पुन्हा मोजावे लागतील.