बाबा, मारा ना ओव्हरटेक!

मुलांनो, प्रवासात गाडीच्या मागच्या सीटवर बसून तुम्ही काय काय करता? भेंड्या खेळता, खिडकीसाठी भांडता, चिवड्याचा डबा रिकामा करता. आणि आणखी एक काम अगदी हमखास करता. गाडी चालवणाऱ्याला हुकूम सोडता! "बाबा, हॉर्न द्या! बाबा, पुढे काढा!" आज अशाच एका हुकमाची गोष्ट सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वाईहून पाचगणीला निघालो होतो. गाडी दाजी चालवत होते. शेजारी मी. मागे ताई, माझा सातवीतला भाचा आणि चौथीतली भाची. पसरणीचा घाट सुरू झाला. आमच्या पुढे एक छोटी पांढरी मोटार होती आणि तिच्या पुढे विटांनी भरलेला ट्रक. ट्रक धापा टाकत चढत होता. मोटार मुकाट्याने त्याच्या मागे, आणि आम्ही मोटारीच्या मागे.

दोन-तीन वळणं झाली आणि भाच्याला कंटाळा आला.

"ही गाडी ओव्हरटेक का करत नाही? नक्की बाई चालवत असणार!"

"नाहीतर एखादे आजोबा," दाजी हसत म्हणाले.

"नाहीतर शिकाऊ! मागे 'एल' बघा लावलाय का!" भाचीनेही भर घातली.

मीसुद्धा गप्प बसलो नाही, हे कबूल करतो. "नंबर बघा, मुंबईची गाडी आहे. यांना घाट कुठला ठाऊक!" असं मीही बोलून गेलो. सगळे खो खो हसले. ताई तेवढी हसली नाही.

"बाबा, मारा ना ओव्हरटेक! दोघांना एकदम!"

दाजींनी गाडी उजवीकडे काढली. रस्त्याच्या मधोमध सलग रेघ होती, ती आमच्या चाकांखाली गेली. आम्ही पांढऱ्या मोटारीच्या बरोबरीला आलो न आलो तोच पुढच्या वळणावरून एस.टी. उतरताना दिसली. तिचा लांबलचक हॉर्न, दाजींचा करकचून ब्रेक, ताईची किंकाळी, सगळं एकदमच. मोटार पुढे निघून गेली आणि तिच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही कसेबसे शिरलो. एस.टी. इतक्या जवळून गेली की खिडकीतल्या लोकांचे घाबरलेले चेहरे मला स्पष्ट दिसले. चिवडा गाडीभर सांडला होता. तो उचलायचंही कोणाला सुचलं नाही.

पाचगणीत पोचल्यावर ती मोटार एका गल्लीत वळून दिसेनाशी झाली. ती बाई चालवत होती की पुरुष, म्हातारा की तरुण, मला आजतागायत कळलेलं नाही. एवढं मात्र कळलं की त्या घाटात बरोबर वागणारी व्यक्ती त्या गाडीत होती आणि तिला हसणारे आम्ही सगळे चुकलो होतो.

चहाच्या टपरीवर भाचा हळूच म्हणाला, "मामा, माझ्यामुळे झालं ना?"

दाजींनी ते ऐकलं. म्हणाले, "नाही रे. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. तू काहीही म्हणालास तरी रेघ ओलांडली मी. चूक माझीच."

"पण मग ती रेघ असते तरी कशाला?"

फार चांगला प्रश्न! रस्त्याच्या मधली रेघ तुटक असेल, तर समोरचा रस्ता मोकळा आहे हे पाहून, ती ओलांडून पुढे जाता येतं. रेघ सलग असेल, मग ती एकेरी असो की दुहेरी, तर ओव्हरटेक करण्यासाठी ती ओलांडायची नाही. कधी कधी शेजारी शेजारी दोन रेघा असतात, एक सलग आणि एक तुटक. तेव्हा आपल्या बाजूची रेघ कोणती ते पाहायचं. आपल्या बाजूला तुटक असेल तरच ओलांडायची परवानगी, आणि तीही समोर कोणी नसेल तर!

आता थोडं गणित करू. सपाट रस्ता आहे असं समजा. एक बस ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. आपली मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर. दर सेकंदाला आपण बसपेक्षा फक्त ५ मीटर जास्त जातो. बसची लांबी, आपली लांबी आणि मागे-पुढे सोडायचं अंतर धरून आपल्याला साधारण ४० मीटर पुढे सरकायचं आहे. लागले ८ सेकंद. तेवढ्या वेळात आपण धावलो १६० मीटर. समोरून आपल्याच वेगाने एखादी गाडी येत असेल तर तीही आली १६० मीटर. म्हणजे निघतानाच समोर ३२० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. फुटबॉलची तीन मैदानं एकापुढे एक ठेवा, जवळपास तेवढा! घाटातल्या वळणावर एवढं कुठून दिसणार? जिथे पुरेसं लांबवरचं दिसत नाही, तिथे सलग रेघ मारतात. डोळ्यांना जे दिसत नाही, ते रेघ आधीच सांगून ठेवते.

"मामा, ही रेघ शोधली कोणी?" भाचीने विचारलं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९११ साली एका रस्त्यावर मधोमध रेघ मारली गेली होती. पण मला जास्त आवडते ती कॅलिफोर्नियातल्या इंडिओ गावाजवळची गोष्ट. १९१७ साली तिथल्या एक डॉक्टर आपली मोटार चालवत घरी निघाल्या होत्या. समोरून ट्रक आला, अगदी रस्त्याच्या मधून. डॉक्टरांना गाडी रस्त्याखालच्या वाळूत घालावी लागली. रस्त्यावर मधोमध रेघ असती तर प्रत्येकाला आपली बाजू कळली असती, असं त्यांच्या मनाने घेतलं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, पण केलं काहीच नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच रस्त्यावर पांढरी रेघ रंगवली! महिला मंडळाला बरोबर घेऊन त्यांनी पाठपुरावा चालू ठेवला आणि १९२४ साली कॅलिफोर्निया राज्याने आपल्या महामार्गांवर अशा रेघा मारायचं ठरवलं. त्या डॉक्टरांचं नाव जून मॅककॅरॉल.

"म्हणजे बाई!" भाची टाळी वाजवून ओरडली. भाचा कपाकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. रोजची सरासरी काढली तर ४६० हून अधिक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियम मोडून धोकादायक ओव्हरटेक करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याप्रमाणे कैदही होऊ शकते. पण पोलिसांपेक्षा जवळचे साक्षीदार मागच्या सीटवर बसलेले असतात. ते आपल्याकडून फक्त गाडी चालवायला शिकत नाहीत, पुढच्या माणसाला हसायलाही शिकतात.

परतीच्या वाटेवर गाडी ताईने घेतली. घाट उतरताना एक टेंपो आडवा आला. ताई शांतपणे त्याच्या मागे राहिली. आमच्या मागच्या गाडीवाल्याने दोन-तीनदा हॉर्न वाजवला. तो तिच्याबद्दल काय म्हणत असेल, ते आम्हाला चांगलंच ठाऊक होतं! खाली सपाटीला आल्यावर भाचा म्हणाला, "आई, रेघ तुटक झाली." ताईने आरसा पाहिला, समोर लांबवर पाहिलं, इशारा दिला आणि टेंपो मागे टाकला.

तर मुलांनो, पुढच्या प्रवासात एक काम करा. पुढची गाडी कोण चालवतंय ते ओळखण्याऐवजी रस्त्यावरची रेघ ओळखा. सलग कुठे होते, तुटक कुठे होते आणि का, ते वहीत लिहून मला कळवा. आणि "बाबा, मारा ना ओव्हरटेक!" हे शब्द ओठांवर आलेच, तर चिवड्याचा एक मोठा घास तोंडात टाका!